दहावं नाव

पेनड्राइव्ह दोन होते आणि दोन्ही लाल. चूक माझी. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं मी दुसऱ्यांच्या चुका सांगायला लागलो की कुणी मधे अडवायला नको.

जिंतुरात माझं फोटो-व्हिडिओचं दुकान आहे. लग्न, बारसं, सत्कार, निवृत्ती, जे येईल ते करतो. यंदाच्या मे महिन्यात भुजंगभैयाच्या बहिणीचं, निकिताचं लग्न होतं. भुजंगभैया म्हणजे 'जाज्वल्य राष्ट्र तरुण दल' या संघटनेचा आमच्या तालुक्याचा प्रमुख. गावागावांतली बेकार पोरं दलात, आणि दल भुजंगभैयाच्या खिशात, अशी व्यवस्था. मंडपात मी बारा बाय आठचा एलईडी पडदा उभा केला होता. अक्षता पडल्या की पहिली पंगत बसणार आणि पंगत जेवताना नवरानवरीनं येलदरीच्या धरणावर केलेलं शूटिंग दाखवायचं, असं ठरलेलं. नवरी ओढणी सोडते, ओढणी वाऱ्यावर तरंगत जाते. पुढं ती ओढणी धरणात पडली आणि नवरदेव काढायला उतरला, ते मी कापलं होतं. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं आणि जिलबी कशी झालीय ते बघायला आचाऱ्याकडं गेलो.

पडद्यावर धरण आलंच नाही. आला योगीराज. चारठाण्याच्या जुन्या देवळाच्या पायरीवर बसलेला, मागं एक शेळी चरत असलेली.

"भुजंगभैयांनी मला घडवलं," पडद्यावरचा योगीराज म्हणाला.

लोकांना वाटलं, शुभेच्छा देतोय. टाळ्या पडल्या. स्टेजवर भुजंगभैयानं छातीवर हात ठेवून मान लववली.

"म्हणजे तीन वर्षं सतरंज्या उचलायला लावल्या."

लोक हसले. भुजंगभैया पण हसला, जरा उशिरा.

"मग एक दिवस म्हणले, गावातल्या धा संशयित मानसांची यादी दे. नऊ जमली. धाव्या जागी मी लाडलेचाचाचं नाव लिवलं. चाचाचा काय दोष न्हाई, दोष माझा हाय. मला आता ह्या दलात ऱ्हायचं न्हाई. पर चाचाला माझ्या तोंडानं सांगितल्याबिगर मला कुठंच जाता येईना."

एवढं झालं तेव्हा मी धावत पोचलो. हातात जिलबी होती, बोटं पाकानं चिकट. पेनड्राइव्ह ओढला तर लॅपटॉपच हातात आला. पडदा काळा झाला.

खरा योगीराज मंडपातच होता. प्रमुखाच्या घरचं कार्य असलं की दलाच्या पोरांनी वाढायचं, हा आमच्याकडचा रिवाज. तो वरणाची बादली घेऊन दुसऱ्या रांगेत वाकलेला होता, तसाच वाकलेला राहिला. वरण एका पाहुण्याच्या पत्रावळीतून वाहत त्याच्या धोतराकडं निघालं तरी पाहुणा काही बोलेना, कारण तोही पडद्याकडंच बघत होता.

आणि तिसऱ्या रांगेत, पाचव्या पत्रावळीवर, स्वच्छ पांढरा सदरा घालून लाडलेचाचा बसले होते.

भुजंगभैया स्टेजवरून खाली आला. "योग्या! तुला आत्ताच्या आत्ता दलातनं काढला!"

मागून त्याची आई म्हणाली, "आरं भुजंग्या, पंगत आर्धी झाली. वरण कोन फिरवील?"

भुजंगभैयानं रांगा पाहिल्या, बादली पाहिली. मग दात आवळून म्हणाला, "पंगत उठंस्तोवर ऱ्हा. मग नीघ."

आमच्या तालुक्यात संघटनेतून काढलेली माणसं पुष्कळ आहेत. हातात बादली असताना, शिक्षा पंगत संपेपर्यंत पुढं ढकलून काढलेला मात्र योगीराज एकटाच.

आता हा योगीराज कोण, ते सांगतो.

तो चारठाण्याचा, मी पण मूळचा चारठाण्याचाच. जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर होतो. वय सव्वीस, शिक्षण बी.ए., स्वभाव असा की कुणी 'चल' म्हटलं की हा चप्पल शोधत नाही, तसाच निघतो. पोलीस भरतीला तीनदा गेला. पळण्यात पहिला, गोळाफेकीत बरा; पण छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढावी लागते, याची चार वाढायची. एका सेंटीमीटरसाठी यानं वर्षभर सकाळी उठून दीर्घ श्वास घेतले. त्याची माय, कस्तुराबाई, म्हणाली, "नुसता वारा कशाला पितुस? चूल फुंक. तुजी छाती बी फुगंल आन माजं पानी बी तापंल."

तिसऱ्यांदा परत आला त्या दिवशी बसस्टँडवर भुजंगभैया भेटला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "देशाला छातीचं माप लागत नसतंय योगीराज, छाती लागती." तोवरच्या आयुष्यात याच्या छातीबद्दल पहिल्यांदा कुणी चांगलं बोललं होतं. योगीराज त्याच दिवशी दलात.

दलात एकमेकांना भेटलं की नमस्कार करायचा नाही. एकानं म्हणायचं 'जाज्वल्य!' आणि दुसऱ्यानं 'अखंड!' फोनवर पण तेच. कस्तुराबाईनं फोन केला की हा म्हणायचा, "जाज्वल्य!" आणि तिकडून उत्तर यायचं, "जेवायला ये मुडद्या, भाकर वाळायली."

पहिल्या वर्षी सतरंज्या, दुसऱ्या वर्षी खुर्च्या, तिसऱ्या वर्षी पद मिळालं. 'तालुका सह-संपर्क उपप्रमुख'. संपर्कप्रमुख कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. भुजंगभैयाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर याचा फोटो आला. फ्लेक्सचा कायदा तुम्हाला माहीत आहेच: नेता कमरेपर्यंत, त्याच्या खालचे छातीपर्यंत, त्याच्या खालचे गळ्यापर्यंत. हा अगदी खालच्या ओळीत, कोपऱ्यात, पासपोर्टाएवढा. आणि फ्लेक्स खांबाला बांधायचं भोक नेमकं याच्या कपाळात पाडलेलं, त्यातून तार ओवलेली. तरी हा मायला मोटारसायकलवर बसवून जिंतूरला फ्लेक्स दाखवायला घेऊन आला. कस्तुराबाईनं पदर डोळ्यांवर धरून नीट पाहिलं आणि विचारलं, "टिळा कशाचा लावलाय रं यो?"

आम्ही हसायचो, पण यातलं काहीच तो गमतीनं करत नव्हता. रक्तदान असलं की पहिला झोपायचा हाच. पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे तो एकटा पिशवी घेऊन गोळा करायचा. ते कुठल्याच फ्लेक्सवर आलं नाही. त्याला खरंच वाटायचं की आपण देशाचं काम करतोय, आणि देश कधीतरी मागं वळून 'कोण रे तो?' म्हणून विचारणार आहे.

मग तो फॉर्म आला.

वरून आदेश होता: प्रत्येक गावातली परकी, संशयित माणसं शोधा. फॉर्मवर दहा रकाने छापलेले, म्हणजे दहा माणसं हवीतच. योगीराज वही घेऊन गावभर हिंडला. चारठाण्यात परकं कोण? राजस्थानचा कुल्फीवाला आणि त्याचा भाऊ. हार्वेस्टरवाला सरदारजी आणि त्याचा जोडीदार. आंध्रातून बदलून आलेला बँकेचा मॅनेजर. मोबाइल टॉवरवर चढणारा बिहारी. देवळांची फुटपट्टीनं मापं घेणारे एक प्राध्यापक, कशासाठी ते इंग्रजीत सांगायचे. मौन धरलेला एक बुवा, ज्याला विचारून उपयोग नव्हता. आणि लातूरकडचा एक जावई, जो सहा महिने झाले तरी सासरहून हलत नव्हता. सासऱ्यानं स्वतः येऊन त्याचं नाव घालायला लावलं.

झाले नऊ. याच्या पुढं गाव संपलं.

भुजंगभैयाचा फोन आला. "नऊचा फॉर्म वर घेत न्हाईत. बाकीच्या गावांची धा-धा आली. तुजं गाव काय साधुसंतांचं हाय का?"

योगीराजनं दहाव्या ओळीत लिहिलं: लाडलेसाब. संशयाचं कारण: उर्दू वाचतो.

लाडलेसाब म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. एकतीस वर्षं त्यांनी घंटा दिली. आम्ही भिंतीवरून उडी मारली की खाली तेच उभे असायचे. गुरुजींकडं न नेता कान धरून परत वर्गात बसवायचे. त्यांचे वडील निजामाच्या काळात जिंतूरच्या कचेरीत लेखनिक होते, त्यामुळं जुनी, मोडक्या वळणाची सरकारी उर्दू चाचांना घरातच आली. गावात ते वाचणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

पंधरा दिवसांनी दलाची चार पोरं फॉर्म घेऊन चाचांच्या घरी गेली. योगीराज त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच थांबला. चाचांनी पोरांना चहा दिला, पेटी उघडली, वडिलांच्या वेळचा मोहोर मारलेला कागद काढून पुढं ठेवला. चौघांनी तो उलटा केला, सुलटा केला.

"मी वाचून दाखवू?" चाचा म्हणाले.

"तुमी कसं वाचनार? तुमी तर संशयित हाव."

पोरांनी फॉर्मवर लिहिलं: 'कागद आहे, वाचता आला नाही', आणि दुसरा चहा पिऊन गेली.

यानंतर वर्षभरानं जुन्या नोंदी शोधायची लाट आली. जातीच्या दाखल्यासाठी निजामाच्या काळातले कागद हवे झाले आणि घरोघर माळ्यावरून पेट्या खाली आल्या. भुजंगभैयाच्या घरी एक गुंडाळी निघाली. तीच मोहोर, तीच उर्दू. जिंतुरात आणि परभणीत वाचणारे होते, पण त्यांच्या दारात रांगा. भुजंगभैयानं योगीराजला बोलावलं.

"तुज्या गावात कुनीतरी हाय म्हनं वाचनारा. मोटारसायकलवर घेऊन ये. इज्जतीनं आन."

योगीराजनं आणलं. भुजंगभैयानं चाचांना खुर्ची दिली, वाकून पाया पडला, पंखा त्यांच्याकडं वळवला. चाचांनी चष्मा पुसला आणि तीन तास वाचलं. पणजोबाचं नाव निघालं. सगळे खूश. चाचा वाचतच राहिले. पणजोबानं सरकारी कुरणात बैल घातले म्हणून झालेली शिक्षा पण निघाली.

"ती ओळ सोडा चाचा," भुजंगभैया म्हणाला.

"वाचायचं तर पुरा वाचायचं," चाचा म्हणाले. "आधा कागद झूट होता."

चाचांना गावात सोडून योगीराज परत आला आणि त्यानं विचारलं, "भैया, मग यादीतलं त्यांचं नाव काढायचं का?"

"यादी वर गेली. वर गेलेलं खाली येत नसतंय."

"वर म्हंजी कुठं?"

"वर म्हंजी वर." आणि जरा थांबून भुजंगभैयानं समजावलं, "आन एक काढलं तर नऊच ऱ्हातील ना, येड्या."

हे मला योगीराजनं सांगितलं तेव्हा मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "राधाकिशन, मी तीन साल कुनाच्या मागं हिंडलो रं?" त्याला राग भुजंगभैयाचा नव्हता. चाचा येताना मागच्या सीटवर त्याच्या खांद्याला धरून बसले होते, खड्डा आला की "संभाळ बेटा" म्हणत होते. तो खांदा त्याला दुखत होता.

त्याच सुमारास नांदेडला माहितीपटांची स्पर्धा जाहीर झाली होती. विषय: तरुण माणसाच्या आयुष्यातलं वळण. माझ्या ओळखीत वळलेला माणूस एकच. मी कॅमेरा घेऊन चारठाण्याला गेलो, चार दिवस शूटिंग केलं. त्यानं एकच अट घातली: "चाचाला मी सोता सांगीन. तवर हे कुनाला दाखवायचं न्हाई." मी गळ्याची शपथ घेतली. गळा माझाच होता. पेनड्राइव्ह मात्र दोन होते.

तर पुन्हा मंडपात.

पडदा काळा झाल्यावर पंगत खाली माना घालून जेवायला लागली. योगीराज दुसरी रांग संपवून तिसरीला लागला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पत्रावळीपाशी आल्यावर त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

चाचा वर बघत म्हणाले, "डाल बेटा. भात कोरडा हाय."

त्यानं डाव घातला. दुसरा घातला. तिसरा घातला. चाचांनी पत्रावळीवर हात आडवा धरला तरी याचा डाव चालूच. शेवटी शेजारच्यानं बादली धरली. तेव्हा योगीराज सहाव्या पत्रावळीकडं सरकला. पंगत उठली, चाचा हात धुऊन चारठाण्याच्या जीपमध्ये बसून निघून गेले, आणि योगीराज रिकामी बादली घेऊन मंडपाच्या दारात उभा. खिशातला फोन वाजला. दलाच्या ग्रुपमधून त्याला काढल्याचं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दुकानासमोर. "चल."

"कुठं?"

"फिल्लम तू लावलीस ना? मग चल."

"अरे पण त्यांनी ऐकलंय की सगळं. आता नवीन काय सांगणार?"

"म्हनूनच चल. मला काय सुचंना झालं."

मी कॅमेऱ्याची बॅग उचलली. त्यानं ती माझ्या हातातून काढून परत टेबलावर ठेवली.

चाचा अंगणात बाजेवर बसून पालक निवडत होते. आम्हाला बघून जुडी बाजूला केली नाही. "बैठो."

आम्ही बसलो. कोंबडी आली, गेली. योगीराज जमिनीकडं बघत होता. मी घसा खाकरला, "चाचा, कालचं ते... पेनड्राइव्ह माझ्याकडून..."

"तू चुप," चाचा म्हणाले. शाळेत जसे म्हणायचे तसेच, आणि मी तसाच गप्प झालो. मग योगीराजकडं वळून, "बोल."

"चाचा, तुमी ऐकलंच की काल."

"परदे पो बोल्या तू. कॅमेऱ्याकू बोल्या, भुजंगकू बोल्या, पुऱ्या मंडपाकू बोल्या. मेरेकू कब बोल्या?"

योगीराजनं मान वर केली. "चाचा, यादीत तुमचं नाव मी लिवलं. धावं नाव पायजे व्हतं. दुसरं कुनी घावलं न्हाई म्हनून... न्हाई. दुसरं कुनी काय बोलंल म्हनून भ्यालो. तुमी काय बोलनार न्हाई, ते मला म्हाईत व्हतं. म्हनून तुमचं लिवलं."

हे माझ्या माहितीपटात नव्हतं. चार दिवसांच्या शूटिंगमध्ये त्यानं हे एकदा पण सांगितलं नव्हतं.

चाचांनी पालकाची एक काडी मोडली. "मेरेकू मालूम था."

"कवापासनं?"

"पोरं फॉर्म घेऊन आली तेव्हाच. चौथीत तू बापाच्या नावानं सुट्टीचे अर्ज लिवायचास. गुरुजीकडं कोन पोचवायचं? मीच. तुझं अक्षर मी वळखणार न्हाई का?"

"मग तुमी माझ्या गाडीवर बसलाव कसं?"

"चालत जाऊ का जिंतूरला, इस उमर में?" चाचा हसले, मग हसू आवरलं. "सून आठ दिन बाहर नै गई. नातू विचारायला लागला, दादा, अपन कहाँ से आए? मैं बोल्या, मारुती की गली से. पैला घर उधरच था." पालकाची पानं त्यांनी ताटात सारखी केली. "देड साल रुक्या मैं. बोलेगा, आज बोलेगा. इकत्तीस साल घंटा बजाया. घंटा दिली म्हणून पोरं लगेच थोडीच येतात?"

योगीराजच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "मी वर अर्ज करतो. तुमचं नाव काढायला लावतो."

"ऱ्हाने दे. पुन्हा कुणाला कागद वाचून पायजे असला तर यादी बघून तरी घर सापडंल."

"मग माफी..."

"माफी सुकी नसती बेटा. जुर्माना होता." चाचांनी बोटानं हवेत एवढा मोठा भारा दाखवला. "हरभऱ्याचे ढाळे. हिरवेगार, घाटे भरलेले. तुझ्या शेतातले, तुझ्या हातानं उपटलेले. इथं बैठके मेरे साथ खाने का. दात चार ऱ्हायलेत, पर ढाळ्याला पुरतात."

"चाचा, वैशाख हाय. ह्या दिवसात हिरवा हरभरा कुठनं आनू?"

"वो मैं क्या जानूं? बाकी ऱ्हाईल." मग चाचा माझ्याकडं वळले. "आन फिल्लमवाला, तू बी. बिना पूछे मेरा नाम परदे पो लाया. तेरा आधा भारा."

मी म्हणालो, "चाचा, आमच्याकडं तर शेतच नाही."

"मग करो इंतजाम."

तिथून निघताना सुनेनं चहा दिला. योगीराजनं दोनदा घेतला.

माहितीपट स्पर्धेला गेला नाही. योगीराज म्हणतो, आधी ढाळे, मग पाठव. आता तो सकाळी घरच्या म्हशीचं बघतो आणि दुपारी माझ्या दुकानात अल्बमला फोटो चिकटवतो, तेही कधीकधी उलटे. भुजंगभैयानं लग्नाचा व्हिडिओ माझ्याकडूनच घेतला, फक्त पंगतीचा भाग काढायला लावला. चाचा परवा बाजारात दिसले. रस्त्याच्या पलीकडून हात वर करून ओरडले, "बाकी हाय!" चार माणसं वळून आमच्याकडं बघायला लागली.

सध्या ज्येष्ठ चालू आहे. हरभरा दसऱ्याच्या पुढं पेरतात, ढाळ्याला येईपर्यंत पौष उजाडतो. त्यात योगीराजचे वडील, सटवाजीकाका, काल म्हणाले की यंदा हरभऱ्याच्या त्या तुकड्यात ज्वारी टाकायची.